आधी तिथी, मग तिकीट

स्कूबाला जायचं ठरलं की तुम्ही पोरं पहिल्यांदा ऑफिसची रजा बघता, मग रेल्वेचं तिकीट, मग राहायची जागा. समुद्राची चौकशी करता ती मालवणच्या बंदरावर उतरल्यानंतर. हा क्रम उलटा करा. भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा आणि आधी तिथी बघा.

आमच्या लालबागच्या चाळीत हा कानमंत्र थोरल्या काकांकडून आला. तात्या गोदीत पाणबुडे होते. पितळी हेल्मेट, शिशाचे जोडे, वरून नळीतून येणारी हवा, अशा काळातले. जहाजाच्या पंख्यात अडकलेला दोर कापायचा, बुडाची पाहणी करायची, पाण्यात पडलेलं सामान शोधायचं, ही त्यांची कामं. मजेसाठी पाण्याखाली जाणारा माणूस त्यांनी पाहिला नसेल. तरी त्यांनी सांगितलेलं बहुतेक सगळं आजही लागू पडतं, कारण समुद्र तोच आहे आणि माणसाची छातीही तीच आहे. त्यात मी माझी थोडी भर घालून तुमच्या हवाली करतोय.

तर तिथी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं, त्या येण्याजाण्यात ओढ जोरात असते आणि तळाचा गाळ ढवळून निघतो. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्याही वर जाते, गिरगाव चौपाटीवर ते डोळ्यांना दिसतं. अष्टमीच्या सुमाराला चढउतार कमी होतो, त्याला आपल्याकडे भांग म्हणतात. खरा मंद दिवस अष्टमीच्या एक-दोन दिवस नंतर येतो. आता कोळी लोकांचा हिशेब लावा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या आसपास पूर्ण भरती. सहा तासांनी ओहोटी. मालवणला भरती मुंबईच्या थोडी आधी येते, तेवढं वजा करा. भरतीबरोबर बाहेरचं स्वच्छ पाणी किनाऱ्याकडे येतं आणि सकाळी वाराही पडलेला असतो. म्हणून नवमी ते एकादशी, शुद्ध असो वा वद्य, सकाळची पहिली बोट. ज्यांनी १९७३ साली कालनिर्णय सुरू केलं ते जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचेच, तेव्हा त्यांच्या दिनदर्शिकेचा हा उपयोग मला फार योग्य वाटतो.

तिथीच्या आधी महिना. मुंबईच्या घरांची मोठी सुट्टी मे महिन्यात असते, गावी आंबे असतात, सगळं गणगोत जमलेलं असतं, आणि त्याच गर्दीत स्कूबाही उरकायचा बेत होतो. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पश्चिम किनाऱ्याचा समुद्र फुगायला लागतो. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी असते. मच्छीमार ज्या पाण्यात जात नाही त्या पाण्यात आपण जायचं कारण नाही. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात बोटी सुरू होतात, पण नद्यांनी आणलेला गाळ खाली बसायला वेळ लागतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हे आपल्या किनाऱ्याचे दिवस. तेव्हा रजा मिळत नाही, असं म्हणाल. मग दिवाळीत घरी थांबा आणि ती रजा पुढे वापरा. दिवाळीत मालवणला गर्दी इतकी होते की एकेका मार्गदर्शकाच्या मागे रांग लागते, आणि घाईत कोणी नीट शिकवत नाही.

कुठे जायचं, हे तुम्हाला काय येतं यावर ठरवा. पाण्याखालचं काहीच माहीत नसेल तर मालवण-तारकर्ली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, पाच-सहा मीटर पाण्यात, मार्गदर्शक तुम्हाला धरूनच खाली नेतो आणि पंधरा-वीस मिनिटांत वर आणतो. त्यासाठी परवाना लागत नाही. पाणी कधी हिरवट असतं, चार-पाच मीटरपलीकडचं दिसत नाही, तरी शिवाजी महाराजांनी बांधलेल्या किल्ल्याच्या पायथ्याशी प्रवाळ वाढतं आणि त्यात मासे फिरतात, हे एकदा प्रत्येक मराठी माणसाने पाहावं असं मला मनापासून वाटतं. १९८७ पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे. पण याला स्कूबा शिकणं म्हणू नका. शिकायचं असेल तर तारकर्लीतच महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे, तिथे तीन-चार दिवस द्या. ओपन वॉटरचं प्रमाणपत्र मिळालं की १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर जाता येतं, पुढच्या पायरीला ३० मीटर, आणि हौशी माणसाची शेवटची हद्द ४० मीटर.

प्रमाणपत्र हातात आलं की कर्नाटकात मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी बेट. किनाऱ्यापासून लांब असल्यामुळे पाणी आपल्यापेक्षा स्वच्छ, आणि कोकण रेल्वेनेच जाता येतं. त्यानंतर अंदमान: स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. डिसेंबर ते एप्रिल उत्तम. लक्षद्वीपला प्रवेशपत्र लागतं, ते हातात येईपर्यंत विमानाचे पैसे भरू नका. ज्यांना मे ते सप्टेंबर याच काळात सुट्टी मिळते त्यांनी आपला किनारा सोडून पूर्वेकडे बघावं. आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात असतात तेव्हा श्रीलंकेचा पूर्व किनारा, त्रिंकोमालीकडचा, शांत असतो, आणि बालीतही कोरडे दिवस असतात. कोणता किनारा कोणत्या वाऱ्याच्या आड आहे, एवढं नकाशा समोर ठेवून बघितलं तरी निम्मी सहल ठरते.

आता मुंबईत करायची तयारी. हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून सगळे टाळतात, आणि माझ्या मते खरी सहल इथेच जमते किंवा बिघडते. दादरला शिवाजी पार्कजवळ पालिकेचा महात्मा गांधी जलतरण तलाव आहे. निघायच्या दोन-तीन महिने आधी तिथे जायला लागा. न थांबता २०० मीटर पोहता आलं पाहिजे आणि १० मिनिटं काही न धरता तरंगता आलं पाहिजे. ओपन वॉटरच्या वर्गातही हीच परीक्षा घेतात. वेगाला महत्त्व नाही. तोंडात पाणी गेलं तरी गडबडून न जाता श्वास लावता येणं, हे शिकायचं आहे. मालवणला ‘पोहता येत नसलं तरी चालतं’ असं सांगतात. खाली नेणारा माणूस धरून असतो तोवर ते चालतं. बोटीतून पाण्यात पडल्यावर चालत नाही.

डॉक्टरकडे जा. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगा की पाण्याखाली दाबाच्या हवेत श्वास घ्यायचा आहे. दमा, हृदयाचा त्रास, फिट्स, कानाच्या पडद्याची शस्त्रक्रिया, फुप्फुसाचं जुनं दुखणं, यातलं काही असेल तर लपवू नका. गरोदर बाईने जायचंच नाही. पंचेचाळिशी ओलांडलेल्या पुरुषांनी, विशेषतः रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी, तपासणी करून लेखी घ्यावं. स्कूबाच्या फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहून सही ठोकणारे मी बघितलेत. तो फॉर्म तुमच्या घरच्यांसाठी आहे असं समजून भरा. आणि सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. सर्दीने कानाची नळी बंद होते, खालचा दाब आत पोचत नाही आणि पडदा फाटतो. सर्दी दाबणारी गोळी घेऊन उतरणं आणखी वाईट, कारण गोळीचा जोर खाली असतानाच उतरला तर वर येताना कान अडकतात.

सामान थोडकं न्या, पण मास्क स्वतःचा असू द्या. विकत घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तो तुमचा. मिशीवाल्यांनी नाकाखालची मिशी थोडी कापावी, नाहीतर पाणी झिरपत राहतं. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो. बायकांनी केसांची घट्ट वेणी घालावी. मंगळसूत्र, चमकी, अंगठ्या घरी. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घेतला की उन्हापासून अंग वाचतं, तेलकट क्रीम कमी लागतं आणि ते क्रीम प्रवाळावर जात नाही.

आदल्या रात्री दारू नाही, हे तात्यांच्या काळातही पक्कं होतं. सकाळी पोहे, केळं, भरपूर पाणी. माशाचं ताट आणि सोलकढी परत आल्यावर. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी तासभर आधी घ्या, आलेपाक जवळ ठेवा आणि नजर क्षितिजावर. मोबाइलमध्ये मान घातली की हमखास उलटी.

बंदरावर भाव करण्याआधी चार गोष्टी विचारा. एका मार्गदर्शकाबरोबर किती जण? पहिल्यांदा जाणाऱ्याला एकास एक हवा. बोटीवर प्राणवायूचं वेगळं सिलिंडर आहे का? पाण्याखालच्या दुखण्यावर पहिला इलाज तोच. प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का, आणि बोटीत किती माणसं बसवणार? शेवटचा, काही झालं तर नेणार कुठे? रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे झाले तर रोग्याला दाबाच्या खोलीत ठेवावं लागतं. अशी सोय कुलाब्याच्या नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात आहे, अंदमानात ‘धन्वंतरी’त आहे. साध्या दवाखान्यात ती नसते. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मोबाइलमध्ये टाकून ठेवा. या प्रश्नांना जो वैतागतो त्याच्या बोटीत बसू नका, मग तो शंभर रुपये कमी घेत असला तरी. जो शांतपणे उत्तरं देतो त्याला घासाघीस न करता पैसे द्या. मालवणातली ही पोरं मच्छीमारांच्या घरातली आहेत, पाणी त्यांना कळतं आणि त्यांचा हंगाम जेमतेम सात-आठ महिन्यांचा असतो.

पाण्यात उतरल्यावर तात्यांचा एकच मंत्र: श्वास अडवायचा नाही. १० मीटर खाली दाब दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेली छाती अडवून तुम्ही वर आलात तर तीच हवा दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुस फाटतं. पोहायच्या तलावात श्वास धरून सूर मारायची जी सवय आपल्याला लहानपणापासून असते ती इथे जिवावर बेतते. घाबरलात तर वर धावू नका. थांबा, मार्गदर्शकाचा हात धरा, हळू श्वास सोडा. कान दुखायच्या आधी, दर मीटरला नाक दाबून हलकेच फुंका. दुखायला लागलंच तर थोडं वर या, जोर लावू नका. वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा घाई नको, आणि शिकलेल्यांनी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. सिलिंडर साधारण २०० बारला भरलेलं असतं. ५० बार उरलेले असताना तुम्ही बोटीत बसलेले असायला हवं. आणि बोटीत बसलेल्या माणसाला ‘आज नको’ म्हणायचा हक्क आहे. कारण विचारायचं नाही, चिडवायचं नाही. हा नियम निघायच्या आधी दादरच्या स्टेशनवरच सगळ्यांनी कबूल करावा.

प्रवाळाला हात लावू नका. ते दगड नाही, जिवंत आहे, आणि बोटाच्या स्पर्शानेही वरचं कातडं खरवडतं. गिरगावातल्या जुन्या घरांत काचेच्या कपाटात पांढऱ्या प्रवाळाचे तुकडे असायचे, कोणीतरी बोटीवरून आणलेले. आता कठीण प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं. किनाऱ्यावर वाहून आलेला तुकडाही पिशवीत टाकू नका.

बुडालेल्या जहाजांची तुम्हाला फार ओढ असते, म्हणून त्याबद्दल जरा जास्त सांगतो. नवख्यांसाठी बालीच्या तुलांबेनचं ‘लिबर्टी’ उत्तम. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणतीराने जखमी झालेलं हे जहाज किनाऱ्यावर ओढून आणलं होतं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते पुन्हा पाण्यात ढकललं गेलं. आज त्याचा वरचा भाग जेमतेम पाच मीटरवर आहे आणि खालचा तीसच्या आसपास, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरून तिथे जाता येतं. मालदीवमध्ये विमानतळाशेजारी १९८१ साली बुडालेलं ‘मालदीव व्हिक्टरी’ आहे. तळ ३५ मीटर, ओढ जोरात, म्हणून ते अनुभवी माणसाचं काम. श्रीलंकेत बट्टिकलोआजवळ ९ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी बुडवलेली विमानवाहू ‘हर्मिस’ पन्नास मीटरच्याही खाली आहे, तिचा नाद तुम्ही करू नका. गोव्यात ग्रांदे बेटाजवळ उथळ पाण्यात जुन्या जहाजाचे अवशेष आहेत, हात बसवायला तेवढे पुरे. आणि आपल्या घरचं म्हणाल तर १९८५ पासून नौदलात असलेली ‘गुलदार’ २०२४ च्या जानेवारीत निवृत्त झाली. सिंधुदुर्गात निवतीजवळ पाण्याखालचं संग्रहालय करण्यासाठी ती पर्यटन महामंडळाकडे सोपवली गेली आहे. अशा कामासाठी जहाजातलं तेल, तारा, घातक माल आधी काढून टाकतात, त्यामुळे ते अचानक बुडालेल्या जहाजापेक्षा कमी धोक्याचं असतं.

कुठलंही जहाज असो, बाहेरून फिरा, आत शिरू नका. आत जायचं वेगळं शिक्षण असतं. फिनचा एक फटका बसला की वर्षानुवर्षं साचलेला गाळ उठतो आणि आलेलं दार दिसेनासं होतं. शिकलेली माणसं परतीची दोरी बांधून जातात, दोन टॉर्च नेतात आणि हवेचे तीन भाग करतात: एक जायला, एक यायला, एक राखून. गंजलेला पत्रा हात चिरतो. नायलॉनची तुटकी जाळी तिथे अडकलेली असतात, म्हणून जोडीदाराशिवाय जहाजाजवळ थांबायचं नाही.

आणि तिथून खिळासुद्धा उचलायचा नाही. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. सणाला गावी निघालेली, गिरगाव-परळ-लालबागच्या चाळींतलीही कितीतरी होती. पावसाळा, अमावास्येचं उधाण, भरलेली बोट. तात्या भरती-ओहोटीच्या हिशेबाबद्दल इतके कडक का होते, हे त्या तारखेवरून कळतं. ज्या चाळींत त्या दिवशी चूल पेटली नाही तिथल्या मुलांनी तरी बुडालेल्या जहाजाकडे स्मशानासारखंच बघायला हवं, मग ते जपान्यांनी बुडवलेलं असो की वादळाने.

परतीचा दिवस. पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. तो पडायच्या आत तुम्ही उंचावर गेलात तर त्याचे बुडबुडे होतात. एकदाच उतरला असाल तर विमानाआधी निदान १२ तास, दोन-तीन डाइव्ह झाल्या असतील तर १८. मी म्हणतो पूर्ण २४ तास धरा, म्हणजे सहलीचा शेवटचा दिवस कोरडा ठेवा. जे सहसा कोणी सांगत नाही ते हे, की घाटालाही हाच नियम आहे. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. सकाळी दोन डाइव्ह मारून दुपारी गाडीने आंबोली चढून कोल्हापूरकडे निघू नका. कोकण रेल्वे तेवढी उंची गाठत नाही, म्हणून परतीलाही रेल्वेच बरी. शेवटच्या दिवशी किल्ला बघा, मालवणच्या बाजारात फिरा, मामाच्या घरी जेवा. घरी आल्यावर सांधे दुखले, अंगाला मुंग्या आल्या, चक्कर आली तर ‘पोहून अंग दुखतंय’ म्हणून झोपू नका. परळला केईएममध्ये गेलात तरी पहिलं वाक्य हेच सांगा की काल समुद्रात खोल उतरलो होतो.

जायला दादर-सावंतवाडी तुतारी सोयीची, कुडाळला उतरायचं, पुढे तासाभरात मालवण. ती दादरहून मध्यरात्री १२ वाजून गेल्यावर सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढावं लागतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. डिसेंबरातली दशमी साधायची असेल तर ऑक्टोबरात तिकीट काढावं लागेल, आणि त्याच्या आधी तलावात २०० मीटर पूर्ण झालेले असायला हवेत. तेव्हा या आठवड्यातच शिवाजी पार्कला जाऊन प्रवेशाचा अर्ज भरून या.